कशेळीच्या हत्तीची पाठ

राजापूर तालुक्यातलं कशेळी गाव पूर्वीपासून कनकादित्याच्या मंदिरासाठी ओळखलं जातं. अलीकडे त्याला दुसरी ओळख मिळाली ती सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, हत्तीमुळे. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद अशी ही आकृती जांभ्या कातळात खोदलेली आहे आणि तिच्या बाह्यरेषेच्या आत आणखी कितीतरी प्राणी आहेत. जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसत नाही. काळवंडलेल्या दगडातल्या चरी तेवढ्या दिसतात, पायाखालून निघून लांबवर वळत गेलेल्या. त्यातली कुठली पाठीची, कुठली पोटाची, हे चरीच्या कडेकडेनं चालत गेल्यावरच कळतं.

ही पाठ संगणकावर कशी काढायची?

ऑटोकॅड किंवा त्याच्या जातीचं कुठलंही कॅड, म्हणजे संगणकावर आरेखन करायचं, सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीलाच लाइन, सर्कल, आर्क, रेक्टँगल, एलिप्स, पॉलिलाइन, स्प्लाइन हे आदेश शिकवतात. घराचा नकाशा किंवा यंत्राचा सुटा भाग काढायला एवढे पुरतात, कारण त्या वस्तू योजणाऱ्याच्या डोक्यातच सरळ रेघ, काटकोन आणि वर्तुळ असतं. कातळावर खोदणाऱ्याच्या डोक्यात काय होतं हे आपल्याला ठाऊक नाही. त्यामुळे त्याची आकृती कॅडमध्ये उतरवताना निवडलेला प्रत्येक आदेश हे उतरवणाऱ्याचं मत असतं. मला या सगळ्या प्रकरणात रस आहे तो एवढ्याचसाठी.

रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव विचारपूस करत, सडे पालथे घालत कशेळीच्या हत्तीसारखी कातळशिल्पं शोधली. गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना त्यातली पुष्कळशी माहीत होती, काहींची पूजाही होत होती. नोंद मात्र नव्हती. पुढे राज्याच्या पुरातत्त्व विभागानं लक्ष घातलं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या नऊ ठिकाणांचं नाव लागलं. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. आठवं सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि नववं गोव्यातलं. काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पुरातत्त्व विभागाकडून इसवी सनापूर्वी १०,००० च्या आसपासचा अंदाज मांडला गेला आहे.

मोजणीची जुनी रीत अशी : कातळावर दोरी ताणून चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीतली चर बघून आलेख-कागदावर उतरवायची. नवी रीत म्हणजे ड्रोननं वरून फोटो घ्यायचे आणि ते जोडून मापाबरहुकूम एकच चित्र तयार करायचं. मग ते चित्र कॅडमध्ये खाली ठेवून वर रेघ ओढायची. दोन्ही रीतींत अडचण एकच. चरीला रुंदी असते, खोली असते, हजारो पावसाळ्यांनी झिजलेली कड असते. कॅडमधल्या रेषेला यातलं काहीच नसतं. पडद्यावर ती कितीही जाड दाखवली तरी तिची खरी जाडी शून्य. म्हणजे चरीची आतली कड घ्यायची, बाहेरची घ्यायची, की मधोमध जायचं, हे पहिला बिंदू टेकवण्याआधीच ठरवावं लागतं. दोघांनी वेगवेगळं ठरवलं तर एकाच हत्तीची दोन मापं निघतात.

कॅडमधली सरळ रेघ म्हणजे दोन बिंदूंचे निर्देशक, बाकी काही नाही. पडद्यावर ठिपक्यांची जी ओळ दिसते ती दर वेळी नव्यानं काढलेली असते. कुठले ठिपके उजळायचे हे नुसत्या पूर्णांकांच्या बेरजेवजाबाकीनं ठरवण्याची युक्ती आयबीएमच्या जॅक ब्रेसनहॅमनं १९६२ मध्ये एका प्लॉटरसाठी शोधली. वर्तुळ म्हणजे केंद्र आणि त्रिज्या. कंस तीन बिंदूंवरूनही काढता येतो, कारण एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जातं. शाळेतल्या भूमितीतलं हे प्रमेय ऑटोकॅडचा आर्क रोज वापरतो. पॉलिलाइनमध्ये कंस आला की तो आणखी थोडक्यात साठवला जातो : दोन टोकं आणि एक आकडा. कंसानं केंद्रापाशी धरलेल्या कोनाच्या चौथ्या हिश्श्याचा टॅन काढला की तो आकडा मिळतो. अर्धवर्तुळ १८० अंशांचं, त्याचा चौथा हिस्सा ४५, म्हणून आकडा १. सरळ रेघेचा ०. मला हा हिशोब फार सुंदर वाटतो. अख्खं वळण एका संख्येत मावतं.

या सगळ्याचं मूळ आयव्हन सदरलंडच्या ‘स्केचपॅड’मध्ये आहे. एमआयटीतल्या पीएचडीसाठी त्यानं १९६३ मध्ये टीएक्स-२ या संगणकावर हा प्रोग्रॅम उभा केला. प्रकाशलेखणीनं पडद्यावर ओबडधोबड रेघा काढायच्या आणि ‘या दोन समांतर’, ‘या दोन काटकोनात’ असं सांगायचं. संगणक त्या तशा करून देई. आजच्या कॅडमधले ऑर्थो (रेघ फक्त आडवी किंवा उभी ठेवणारा), स्नॅप (टोक नेमक्या बिंदूला चिकटवणारा) आणि भौमितिक बंधनं ही त्याचीच वंशावळ. रेखाटणाऱ्याचा हात चुकला तरी त्याला जे काढायचं होतं ते यंत्रानं ओळखावं, ही त्यामागची कल्पना. अभियंत्याला याच्यासारखं सुख नाही.

कातळशिल्पाची नोंद करणाऱ्याला मात्र इथंच सावध राहावं लागतं. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या मंदिराजवळच्या कातळावर एक मोठी चौकट आहे, आत गुंतागुंतीच्या आकृत्या. ती बघताच हात रेक्टँगलकडे जातो. दोन विरुद्ध कोपरे दिले की झाली चौकट. पण त्या आदेशाला ९० अंशांखेरीज दुसरा कोन माहीत नाही. ऑर्थो चालू ठेवून चार रेघा काढल्या तरी तेच. खोदणाऱ्यानं एक बाजू किंचित तिरकी धरली असेल, एखादा कोपरा गोलाईनं वळवला असेल, तर ते नकाशातून गुपचूप नाहीसं होतं आणि पुढचा संशोधक त्या नकाशावरून ‘अचूक काटकोन’ असा निष्कर्ष काढायला मोकळा. बारसूचा मोह याहून मोठा. तिथं मधे माणूस आणि दोन बाजूंना दोन प्राणी आहेत. एक बाजू काढून मिरर वापरलं की दुसरी फुकटात मिळते. पण दोन बाजूंत नेमका काय फरक आहे, खोदणारा एक की दोन, एका बाजूला त्याचा हात अवघडला होता का, हे सगळे प्रश्न त्या एका आदेशात बुजून जातात. अशा कामात मिरर वापरायला माझ्या मते बंदीच हवी.

आता पाठ. पहिला प्रयत्न कुणीही कंसांनी करील. पाठीवर तीन बिंदू, एक कंस. मानेपाशी पुढचा, शेपटीकडे तिसरा. सांधे स्पर्शिकेत बसवले तर कुठं कोपरा दिसत नाही. तरीही चित्र डोळ्याला खटकतं. का, ते कोकण रेल्वे सांगते. रूळ सरळ चालताना त्यांची वक्रता शून्य असते. तिथून एकदम वर्तुळात शिरले तर दिशा तुटत नाही, पण वक्रता क्षणात शून्यावरून एका ठरावीक आकड्यावर उडी मारते आणि प्रवाशाला हिसका बसतो. म्हणून भारतीय रेल्वे सरळ आणि वर्तुळ यांच्यामध्ये घनपरवलयाचा तुकडा घालते, त्यात वक्रता हळूहळू वाढते. कंस जोडून काढलेल्या हत्तीला तो तुकडा नसतो. डोळा रुळावर नसला तरी त्याला हिसका कळतो.

लंबवर्तुळाची कथाही अशीच. गवंडी दोन खिळे आणि सुतळी घेऊन ते जमिनीवर बिनचूक काढतो. ऑटोकॅडला, १९८२ मध्ये बाजारात आल्यापासून १९९४ पर्यंत, खरं लंबवर्तुळ येत नव्हतं; कंसांचे तुकडे जोडून ते तसं भासवत असे. तेराव्या आवृत्तीत खरं लंबवर्तुळ आलं आणि त्याच्याबरोबर आली खरी स्प्लाइन.

स्प्लाइनचं घर जहाजांच्या गोदीत आहे. जहाजाच्या कुशीची रेघ ठरवायला आरेखक लांब, लवचीक लाकडी पट्टी घेत आणि शिशाची वजनं ठेवून ती ठरलेल्या बिंदूंवर अडकवत. दोन वजनांच्या मधे पट्टीनं कसं वळायचं हे माणूस ठरवत नाही. वाकायला कमीत कमी ताण पडेल असा आकार ती आपणहून घेते. वाक थोडा असेल तर तो आकार त्रिघाती बहुपदीचा असतो आणि वजनापाशीही वक्रतेत उडी नसते. आयझॅक शोनबर्ग या गणितीनं १९४६ मध्ये ही गोष्ट सूत्रात मांडली. मोटारींच्या पत्र्यासाठी फ्रान्समध्ये दोघांनी वेगळ्या वाटेनं हाच प्रश्न सोडवला : सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजोनं १९५९ मध्ये, नंतर रेनॉमध्ये पिएर बेझिएनं. सिट्रोएननं काम गुप्त ठेवलं, बेझिएनं प्रसिद्ध केलं; वक्ररेषेला नाव बेझिएचं मिळालं. कंपन्यांची गुप्तता शेवटी कुणाच्या पथ्यावर पडते, याचा हा नमुना. पुढे १९७५ मध्ये केन व्हर्स्प्रिलनं सिराक्यूज विद्यापीठातल्या प्रबंधात बिंदूंना वजन देणारा प्रकार मांडला. साध्या बहुपदीला वर्तुळ कधीच तंतोतंत काढता येत नाही, ते त्यात आलं. आज कॅडमधली स्प्लाइन त्याच घराण्यातली.

कोकण किनाऱ्यावर ही पट्टी संगणकाच्या किती आधीची आहे! लाकडी होडी बांधणारा सुतार नाळेपासून वरामीपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, उभ्या केलेल्या वाकांवर (फासळ्यांवर) लांब पट्टी टेकवतो, एका टोकाला डोळा लावतो आणि कुठला वाक पुढे आलाय, कुठला मागे राहिलाय ते बघून रंधा मारतो. आता बऱ्याच मच्छीमार नौका फायबरच्या झाल्या आणि एका साच्यातून एकसारख्या निघू लागल्या. पोलादी जहाजाचं काम आणखी वेगळं. रत्नागिरीत भारती शिपयार्डची गोदी होती. तिथं लागणाऱ्या पत्र्याची वळणं आकड्यांतच यावी लागत, डोळा लावून काम भागत नसे.

वळण कागदावर किंवा आकड्यांत नसलं तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईचं आहे. वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यानं मलबारी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. तिचे आराखडे इंग्लंडहून ‘जावा’ या जहाजावरून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ‘जावा’ला हरवून जाळलं आणि आराखडेही गेले. दुसरा संच येईपर्यंत कारागीर, लाकूड आणि गोदी सगळं असून काम खोळंबलं. नौका मात्र आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे.

तर स्प्लाइन हत्तीच्या पाठीला लावू. ऑटोकॅड दोन पर्याय देतं. एकात वक्ररेषा तुम्ही दिलेल्या प्रत्येक बिंदूतून जाते. दुसऱ्यात बिंदू तिला नुसते आपल्याकडे ओढतात. टोकं सोडली तर ती सहसा त्यांना शिवत नाही. दुसरी दिसायला देखणी, वाहनांच्या आणि बाटल्यांच्या आरेखकांची लाडकी. नोंदीसाठी मी पहिलीच घेईन, कारण तिथं ‘ही रेघ इथून गेली’ असं म्हणायला मोजलेला बिंदू हातात असतो. पण तिचे हट्ट आहेत. बिंदूंची अंतरं फार कमी-जास्त असली की मोकळ्या जागेत ती फुगते आणि हत्तीला नसलेलं कुबड येतं. म्हणून वळण जिथं जास्त तिथं बिंदू दाट, सरळ भागात विरळ. फार दाट घेतले तर झिजलेल्या कडेचा प्रत्येक खडबडीत दाणा रेघेत उतरतो आणि छिन्नी थरथरत होती असं वाटायला लागतं. फार विरळ घेतले तर पट्टीची सफाई खोदणाऱ्याच्या नावावर जमा होते. या दोन्हींच्या मधला बरोबर आकडा सॉफ्टवेअर देत नाही. शेपटीच्या किंवा सुळ्याच्या टोकाशी तर स्प्लाइन थांबवून नवी सुरू करायला हवी; एका दमात पुढे नेली की टोक गोल होतं.

म्हणून नोंदीच्या चित्रात तीन लेयर, म्हणजे एकमेकांवर ठेवलेले पारदर्शक थर, हवेत. एकात फक्त मोजलेले बिंदू. दुसऱ्यात चर स्पष्ट दिसते तिथली सलग रेघ. तिसऱ्यात, तुटक रेघेनं, कातळ फुटला आहे किंवा चर बुजली आहे तिथला आपला अंदाज. सलग आणि तुटक एकाच लेयरवर गेल्या की छापलेल्या चित्रात अंदाजाला पुराव्याची किंमत येते.

रेघेची किंमत सड्यावर फार खरी आहे. कातळशिल्पांना चिरेखाणींचा, रस्त्यांचा, बांधकामांचा धोका असतो. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झालं तेव्हा आंदोलन पेटलं आणि त्या वादात कातळशिल्पंही होती. शिल्पाभोवती किती जागा राखायची हे नकाशावर दाखवायचं तर सीमेची पॉलिलाइन बंद असली पाहिजे. शेवटचा बिंदू पहिल्याजवळ हातानं नेऊन टेकवला आणि मिलिमीटरची फट राहिली तर ती आकृती उघडीच राहते. ‘क्लोज’ म्हणून बंद करायची, इतकंच. निर्देशकही जमिनीवरचेच हवेत. रत्नागिरी जिल्हा यूटीएम या निर्देशक-पद्धतीच्या ४३ व्या उत्तर पट्ट्यात येतो, तिथं उत्तरेचा आकडा १८ लाख मीटरच्या पुढे जातो. एवढ्या मोठ्या आकड्यांवर काही सॉफ्टवेअर अडखळतात, म्हणून हत्ती उचलून शून्यापाशी आणायचा मोह होतो. आणावा, पण किती सरकवला ते फाइलमध्येच लिहावं.

फाइलचं आयुष्य हाही प्रश्न आहेच. डीएक्सएफ हा साध्या मजकुराचा प्रकार त्यातल्या त्यात टिकाऊ. पण १९९२ च्या बाराव्या आवृत्तीचा डीएक्सएफ अजून पुष्कळ ठिकाणी मागतात आणि त्यात स्प्लाइन नावाची वस्तूच नाही. तिथं पाठ बारीक सरळ तुकड्यांत मोडून जाते. तेव्हा बिंदूंचा तक्ता वेगळा ठेवायचा : क्रमांक, पूर्व, उत्तर, उंची आणि शेरा. शेऱ्यात ‘कड स्पष्ट’, ‘कड झिजलेली’, ‘दगड फुटलेला’. हा शेवटचा रकाना कुठलंही कॅड सॉफ्टवेअर आपणहून मागत नाही. तो मोजणाऱ्यानं कातळावर, चरीशी बसूनच भरायचा असतो.