संकटानंतर गिरणी कधी सुरू करायची? किल्लारी भागातल्या बायकांकडून शिकूया



चिपळूणच्या एका ताईंनी कार्यशाळेत मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

ताईंची पिठाची गिरणी आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं. मोटर, पट्टा, गिऱ्हाइकांचे डबे, सगळं चिखलात गेलं. उसनवारी करून त्यांनी मोटर दुरुस्त करून आणली आणि दहाव्या दिवशी गिरणी चालू केली. तेव्हा समोरच्या घरात पुरात गेलेल्या माणसाचं तेरावंसुद्धा झालं नव्हतं. गिरणीचा आवाज गल्लीभर जातो, तुम्हाला माहितीच आहे. ताई म्हणाल्या, "सर, बटण दाबताना हात थरथरत होता. लोक रडतायत आणि मी धंदा करतेय. चुकलं का माझं?"

मी काहीतरी 'पॉझिटिव्ह राहा' छापाचं बोलून पुढच्या स्लाइडवर गेलो. आज त्याची लाज वाटते. म्हणून हा लेख. यात मला किल्लारीला जावं लागणार आहे, कारण आख्ख्या समाजावर कोसळलेल्या दुःखातून माणसं कशी उभी राहतात, हे आपल्या महाराष्ट्रात तिथे सगळ्यात स्पष्ट दिसलं.

तारीख ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत जवळपास १० हजार माणसं गेली. भूकंप होताच, पण माणसं मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर फूट-दोन फूट मातीचा थर. ऊन-थंडीला याच्याइतकं चांगलं घर नाही. पण भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंफलेले नसले, तर हादऱ्यात भिंत उकलून कोसळते. गंमत बघा, बऱ्याच घरांचे लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या. पडल्या त्या ज्यांच्या मजबुतीवर पिढ्यान् पिढ्या विश्वास होता, त्या भिंती.

मदत भरपूर आली, देशातून आणि परदेशातूनही. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. आपल्या कामाची गोष्ट इथून सुरू होते, कारण या कार्यक्रमाचे दोन भाग होते आणि दोन्हींतून लोक वेगवेगळं शिकले.

पहिला भाग ५२ गावांचा. ही गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे ठरली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. रस्ते सरळ, रुंद, शहराच्या कॉलनीसारखे. घरं बहुतेक दुसऱ्यांनी बांधून दिली. भूकंपात ती टिकतील, यात शंका नाही. पण जनावरं बांधायची कुठे, कडबा ठेवायचा कुठे? जुनी गल्ली, जुना शेजार पार विखुरला. मी याला वाईट म्हणणार नाही, त्या घाईत हजारो कुटुंबांना पक्कं छप्पर देणं सोपं नव्हतं. पण तुम्ही उद्या एखादी वस्तू बाजारात आणाल तेव्हा हे आठवा. गिऱ्हाईक घरात कसं राहतं हे न विचारता केलेली उत्तम वस्तूसुद्धा त्याला परकी वाटते.

दुसरा भाग कमी गाजला, पण मला तो मोठा वाटतो. हजाराहून जास्त गावांत घरं पूर्ण पडली नव्हती, तडकली होती. तिथे पैसे घरमालकाला हप्त्याहप्त्याने मिळणार आणि दुरुस्ती त्याने स्वतः करून घ्यायची. अडचण अशी की योजना कागदावर, इंजिनिअर तालुक्याला आणि लोक भेदरलेले. कित्येक जण पक्क्या भिंतीच्या आत झोपायलाच तयार नव्हते, पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे.

तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना या कामात आणलं. त्यांना नाव मिळालं 'संवाद सहायक'. काम साधं दिसतं: कुणाला किती हप्ता आला, पुढचा का अडला, हे घरोघर जाऊन सांगायचं. इंजिनिअरला घरी आणायचं. भिंतीत आरपार जाणारे दगड का घालायचे, कोपरे का बांधून घ्यायचे, माळवदावरची माती का कमी करायची, हे आधी स्वतः शिकायचं आणि मग शेजारणीला दाखवायचं.

जरा विचार करा. ज्या बाईने कालपर्यंत गावच्या बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, ती आज गवंड्याला म्हणतेय, "दादा, इथे आरपार दगड नाही बसवला." आधी हसले असतील लोक. पण तिच्याकडे माहिती होती आणि ती रोज फिरत होती. पुढारपण तिला भाषणातून आलं नाही, चकरा मारून आलं. आणि दुःखाचं काय? ते कुठे गेलं नाही. पण 'मला कोण काय देणार' या प्रश्नाच्या जागी 'आज कुणाच्या घरी जायचंय' हा प्रश्न आला. माणूस सावरायला लागतो तो बहुतेक इथूनच, असं माझं मत आहे.

पुढे याच गटांतून बचत गट वाढले, कर्जं फिरली, छोटे धंदे उभे राहिले. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही. भाषा वेगळी, पण 'आमचंही असंच झालं होतं' हे सांगणारी बाई समोर बसली की तिचं ऐकलं जातं. धंद्यात आपण जिला 'पत' म्हणतो, ती हीच.

आता चिपळूणच्या ताई. मध्यंतरी त्यांना फोन केला, तर उरलेली गोष्ट कळली. गिरणी चालू केल्यावर त्यांनी आठवडाभर दळण फुकट ठेवलं होतं. वाटलं, गर्दी होईल. उलट लोक येईनात. वाटपाच्या रांगांत उभं राहून राहून लोक कंटाळले होते, त्यांना आणखी एक फुकट नको होतं. मग ताईंनी दर पूर्वीचाच ठेवला, एक रुपया वाढवला नाही, आणि गल्ल्यावर वही ठेवली. "जमेल तेव्हा द्या, लिहून ठेवते." दोन दिवसांत डब्यांची रांग लागली. गिरणीसमोर लोक थांबायचे, बोलायचे, कुणाचा पंचनामा झाला, कुणाचा राहिला, हे तिथेच कळायचं.

पंचनाम्यावरून आठवलं. ताईंकडे मोटरच्या खरेदीचं बिल नव्हतं, भिजून गेलं होतं. त्यामुळे नुकसान दाखवताना त्यांची फार ओढाताण झाली. तुम्ही आज रात्रीच एक काम करा. मशीनची बिलं, विम्याची पॉलिसी, उद्यम नोंदणी, बँकेचं पासबुक आणि मालाचे फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. दुकानाचा विमा असेल तर त्यात पुराचा उल्लेख आहे का आणि फक्त इमारत धरली आहे की मालही, हे बँकेत जाऊन वाचून घ्या. कर्ज घेताना आपण नुसत्या सह्या करतो.

मी ताईंना विचारलं, समोरच्या घरचं काय झालं?

म्हणाल्या, "तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वहिनी स्वतः डबा घेऊन आली. गहू होते पाच किलो. म्हणाली, गिरणीचा आवाज आला तेव्हा बरं वाटलं, गल्लीत कुणीतरी आहे असं वाटलं." त्या दिवसाचे पैसे अजून वहीत आहेत. ताईंनी ते मागितले नाहीत आणि खोडलेही नाहीत.