पिनबॉलचे जुने यंत्र आणि मोटर दुरुस्तीचा हात

पुणतांब्याच्या स्टेशनातून शिर्डीकडे रेल्वेचा फाटा फुटतो. गोदावरीचा काठ जवळच असल्याने पाण्याच्या मोटारी पुष्कळ, आणि रिवाइंडिंग व स्टार्टर दुरुस्तीचे काम बारा महिने चालते. अशा दुकानात अमेरिकन पिनबॉलचे यंत्र दुरुस्तीला येईल, असे आम्हाला कधी वाटले नव्हते. एका व्यापाऱ्याने ते मुंबईच्या भंगारातून उचलले होते. चालू करून दिले तर त्याला चांगला गिऱ्हाईक होता. आम्ही काम उक्ते घेतले, आणि पहिली चूक तिथेच झाली.

कलत्या फळीवरून पोलादी गोळी खाली येते आणि खेळणारा बटण दाबून दोन पंखांनी ती वर मारतो, असा हा खेळ. हा जुगार तर नव्हे ना, असे शेजारच्या रिवाइंडिंगवाल्या चाचांनी आधीच विचारले. प्रश्न गैर नव्हता. न्यूयॉर्क शहराने याच कारणाने १९४२ साली पिनबॉलवर बंदी घातली होती, ती १९७६ साली उठली. मधल्या काळात, १९४७ साली, गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या खेळात विजेचे पंख आले आणि नशिबापेक्षा हाताच्या कसबाला जास्त वाव मिळाला. आमच्याकडे आलेल्या यंत्रातून पैसे बाहेर पडण्याची सोय नव्हती. ते पाहून चाचा मदतीला बसले.

झाकण उघडल्यावर मात्र छाती दडपली. वायरींचे जंगल, रिलेंच्या रांगा, शेकडो पत्त्या. इलेक्ट्रॉनिक कार्ड एकही नाही. चाचा म्हणाले, "घाबरतोस कशाला? कॉइल, पॉइंट आणि फ्यूज, चौथी वस्तू यात नाही." ते खरेच होते.

नवख्या कारागिराने आधी ट्रान्सफॉर्मरची पट्टी वाचावी. अमेरिकेतील वीज ११० ते १२० व्होल्टची. तेथले यंत्र आपल्या २३० व्होल्टला थेट जोडले तर काम तिथेच संपले. आम्ही स्टेपडाउन लावला, दोन पिनांचा प्लग काढून अर्थिंगसह तीन पिनांचा बसवला आणि पहिला प्रवाह सिरीज बल्बमधून दिला. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. आमचा मंद पेटला. सहा व्होल्टचे छोटे दिवे लागले आणि दुकानात पोरांची गर्दी झाली.

पण थेट लाइनवर खेळायला घेतले की थोड्या वेळात कॉइलचा फ्यूज उडे. दोनदा उडाल्यावर आम्ही घाईने जाड तार घातली. वाचकांपैकी किती जणांनी हे केले असेल, ते आम्ही विचारत नाही. काही मिनिटांत जळका वास आला आणि डाव्या पंखाची कॉइल काळी पडली. हे नुकसान आमच्याच खिशातून गेले.

कारण चाचांनी शोधले. पंखाच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात. एक जाड तारेचे, गोळी मारण्यासाठी. दुसरे बारीक तारेचे, पंख वर धरून ठेवण्यासाठी. पंख वर पोचला की एक छोटा पॉइंट उघडतो आणि बारीक वाइंडिंग सिरीजमध्ये येऊन प्रवाह कमी होतो. सिंगल फेज मोटारीत सेंट्रिफ्युगल स्विच असतो, त्याचाच हा भाऊ. तो स्विच उघडला नाही तर स्टार्टिंग वाइंडिंग जळते. इथे पॉइंट चिकटला होता. उलट पॉइंट काळा पडून जोडलाच गेला नाही तर पंख दुबळा मारतो. बटण नुसते टिचकावले तर फ्यूज टिकत होता, दाबून धरले की उडत होता. एवढे निरीक्षण केले असते तर कॉइल वाचली असती.

कॉइल आम्ही इथेच भरली. अनेक जुन्या अमेरिकन कॉइलींच्या क्रमांकात तारेचे गेज व फेरे लिहिलेले असतात. '२३-७५०' म्हणजे २३ गेज, ७५० फेरे. मात्र हे गेज अमेरिकन. ते २३ म्हणजे सुमारे ०.५७ मि.मी., तर आपल्याकडील एसडब्ल्यूजीचे २३ म्हणजे ०.६१. तेव्हा वार्निश खरवडून मायक्रोमीटरनेच मापावे.

पुढचे दोन दिवस अधिक लाजिरवाणे गेले. खेळ सुरू होई आणि लगेच बंद पडे. आम्ही रिलेंच्या पत्त्या कागदाने पुसल्या, वीज काढून मीटरने एकेक पॉइंट तपासला, वीज देऊन लाकडी काडीने रिले दाबून पाहिले. दोष निघाला कॅबिनेटच्या बाजूला. यंत्र हलवून फसवणूक करू नये म्हणून तिथे गवंड्याच्या ओळंब्यासारखे एक वजन कड्यात लोंबत असते. ते कड्याला टेकले की खेळ बंद. टेम्पोच्या धक्क्यांनी त्याची दांडी वाकली होती. 'टिल्ट' असे दाखवणारा दिवा पेटला असता तर लगेच कळले असते, पण नेमका तोच बल्ब गेलेला. दिवे आधी बदलावेत ते यासाठी.

यंत्र आता चालते. आपली वीज ५० सायकलची, त्यांची ६०, म्हणून गुणांची मोटर सहाव्या हिश्शाने हळू फिरते. ती बिघाड समजू नये. शंभराचे चाक अजून अधूनमधून अडकते. ते यंत्र घेऊन गेलेल्या व्यापाऱ्याला सांगितले आहे की पुन्हा आणा, मात्र या वेळी तपासणीचे पैसे वेगळे आणि उक्ते काही नाही.