संशोधकांनाही प्रशिक्षक लागतो

२०१५ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. निबंध ३३ पानांचा. त्यातले विज्ञान, संदर्भसूचीसकट, ९ पानांत आटोपले आहे. उरलेली २४ पाने लेखकांची नावे आणि त्यांच्या संस्था यांनी भरली आहेत. लेखकांची संख्या ५,१५४! हे टोकाचे उदाहरण म्हणून बाजूला ठेवले तरी दिशा तीच आहे. वुख्टी, जोन्स आणि उझी या तिघांनी २००७ साली ‘सायन्स’मध्ये सुमारे १ कोटी ९९ लाख शोधनिबंधांची पाहणी मांडली. विज्ञान आणि अभियांत्रिकीत एका निबंधामागे सरासरी १.९ लेखक असत, ते ४५ वर्षांत ३.५ झाले. गटाने लिहिलेल्या निबंधांचा आधार इतर संशोधक अधिक वेळा घेतात, असेही त्यांना दिसले.

कारणे उघड आहेत. उपकरणे महाग झाली आणि प्रत्येक विषयाच्या इतक्या शाखा फुटल्या की एका माणसाच्या डोक्यात सगळे मावेना. पण आपली शिकवण्याची पद्धत मात्र एकट्या संशोधकासाठी बेतलेली राहिली. पीएच.डी. एकाला मिळते, बढती एकाला मिळते. चार जणांनी मिळून एक प्रश्न कसा सोडवायचा, हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. ते आपोआप जमेल असे गृहीत धरले जाते.

ते आपोआप जमत नाही. कमिंग्ज आणि कीस्लर या अभ्यासकांनी अमेरिकेतील ६२ सहयोगी प्रकल्प तपासून २००५ साली निष्कर्ष मांडला : सहभागी विद्यापीठे जितकी अधिक, तितके समन्वयाचे काम कमी आणि फलितही कमी. म्हणजे हुशार माणसे वाढली तरी त्यांना जोडून ठेवणारे काम कोणी केले नाही, तर हुशारी वाया जाते.

हे जोडून ठेवण्याचे काम कोणी करायचे? गेल्या पंधरा-वीस वर्षांत याचे एक उत्तर पुढे आले आहे. स्वतः प्रयोगशाळेत वर्षे काढलेली काही माणसे आता संशोधक-गटांना मार्गदर्शन करू लागली आहेत. १९९४ साली स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-१ या जनुकाचा शोध जाहीर करणारा निबंध आला. त्याच्या लांबलचक लेखकयादीत एल. मिशेल बेनेट हे नाव आहे. याच बेनेट पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधनाच्या नियोजनाकडे वळल्या. तेथील तक्रारनिवारक हॉवर्ड गॅडलिन आणि त्यांच्या सहकारी सामंथा लेव्हाइन-फिन्ली यांच्यासह त्यांनी २०१० साली सामूहिक संशोधनाची एक मार्गदर्शिका लिहिली. एकीला प्रयोग कसे फसतात ते ठाऊक, दुसऱ्याला माणसांचे कसे फिसकटते ते ठाऊक. या जोडीचे महत्त्व पुस्तिका वाचताना कळते. तिच्यात परस्परविश्वासाला पायाचे स्थान आहे आणि विश्वास म्हणजे नुसता चांगुलपणा नव्हे, तर आधी ठरवलेल्या आणि पाळलेल्या गोष्टी, अशी तिची भूमिका आहे.

असा प्रशिक्षक नेमके करतो काय? पहिले काम अगदी व्यवहारी. आपल्याकडे सहकारी संस्था नोंदवायची तर आधी पोटनियम लिहावे लागतात. वाटा, मत, जबाबदारी सगळे कागदावर येते. संशोधक-गटालाही तसे पोटनियम हवेत. लेखकांचा क्रम कसा ठरेल? आकडेवारी कोणाच्या ताब्यात राहील? एखादा मध्येच सोडून गेला तर त्याच्या कामाचे काय? मतभेद झाला तर कोणाकडे जायचे? सलोखा असतानाच हे प्रश्न विचारायचे असतात, कारण भांडण सुरू झाल्यावर प्रत्येक उत्तर संशयाने पाहिले जाते.

दुसरे काम शब्दांचे. ‘पुरावा’ म्हणताना जीवशास्त्रज्ञाच्या मनात नियंत्रित प्रयोग असतो, समाजशास्त्रज्ञाच्या मनात मुलाखत. दोघे मान डोलावतात आणि वर्षभराने कळते, आपण वेगवेगळ्या गोष्टींना होकार दिला होता. अशी गृहीतके सुरुवातीलाच बोलून दाखवण्यासाठी अमेरिकेत प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत.

तिसरे काम वादळ ओळखण्याचे. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ साली लहान गटांच्या वाटचालीचे चार टप्पे सांगितले : जमणे, झगडणे, नियम रुजणे आणि काम साधणे. दुसरा टप्पा आला की गट मोडला असे अनेकांना वाटते. तो मोडलेला नसून वाटेत आहे, हे बाहेरच्या माणसाने सांगितले तर पटते.

प्रयोगशाळेतून आलेल्या माणसाला या कामात एक फायदा असतो. सहा महिन्यांची मेहनत एका दूषित बशीमुळे फुकट गेली म्हणजे काय होते, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. पण सोडावेही बरेच लागते. प्रयोगात बाकी सारे स्थिर ठेवून एकच घटक बदलता येतो. माणसांच्या गटात ते शक्य नसते. उत्तर माहीत असूनही गप्प बसावे लागते, कारण ते गटाने शोधायचे असते. शिवाय निबंधावर नाव येत नाही. कोणी काय योगदान दिले हे नोंदवण्यासाठी ‘क्रेडिट’ नावाची पद्धत आहे, २०२२ पासून ते अधिकृत मानक आहे. तिच्यात १४ भूमिका आहेत. प्रकल्पाचे प्रशासन आहे, देखरेख आहे, पण गट बांधणाऱ्याची वेगळी भूमिका नाही.

हा प्रश्न आपल्या दाराशी आलेला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुणे, इंदूर, गांधीनगर आणि मुंबई येथील संस्था तिच्यात भागीदार आहेत. खोडदच्या दुर्बिणीवरील निरीक्षणे २०२३ साली युरोपीय गटाच्या निष्कर्षांत वापरली गेली. यंत्रांसाठी तरतूद होते. माणसांचे जुळवून देणाऱ्यासाठी एखादे पद ठेवावे, हे अजून कोणाच्या अंदाजपत्रकात सहज सुचत नाही.

याची किंमत सर्वात आधी दुर्बळ मोजतो. गट फुटला तर प्राध्यापकाकडे दुसरा प्रकल्प असतो. संशोधक विद्यार्थ्याची चार वर्षे जातात. तंत्रज्ञाचे नाव तर यादीत मुळात नसते. माझ्यासारख्या संस्थेबाहेरच्या अभ्यासकाला दाद मागायला दरवाजाही नसतो. आधी लिहून घेतलेला कागद हेच त्याचे संरक्षण. म्हणून गावच्या इतिहासाची साधने गोळा करणाऱ्या पाच जणांच्या मंडळानेही पहिल्या बैठकीत वरचे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. त्याला फार तर एक संध्याकाळ लागते.