शोच्या गाडीला डाय लागत नाही

टाटांची रेसमो ही स्पोर्ट्स कार बंद का पडली, हे या भागात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलवर काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. ते विचारतात, "सॅन स्टॉर्म फायबरची, अवंती कंपोझिटची, रेसमो तर कसल्या सँडविचची. आमच्या जालन्यात एवढं लोखंड निघतं, मग आपल्या एकाही स्पोर्ट्स कारच्या नशिबी पत्रा का नाही?"

आधी जालन्याच्या लोखंडाचं बघू. तिथल्या भट्ट्यांत मुख्यतः भंगार वितळतं, बिलेट पडतात आणि त्यांची सळई होते. घराच्या स्लॅबला ती उत्तम. गाडीच्या पत्र्याची मागणी मात्र वेगळी असते. जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर, आणि प्रेसखाली ताणला तरी तो फाटता कामा नये. त्यासाठी कार्बन अगदी कमी हवा आणि तांबं-कथिल जवळपास नकोच. भंगारात जुन्या मोटारी, वायरी येतातच. त्यातलं तांबं एकदा पोलादात विरघळलं की भट्टीतून ते वेगळं काढता येत नाही. सळईला त्याने फारसं बिघडत नाही, पण मडगार्डचा खोल आकार ओढताना असा पत्रा दगा देतो. शिवाय सळईची मिल आणि पत्र्याची मिल हे दोन निराळे कारखाने.

पण समजा, उद्या हवा तसा पत्रा जालन्यातच मिळाला. तरी स्पोर्ट्स कार त्याची होणार नाही, कारण अडचण पत्र्याची नाहीच. ती डायची, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या साच्याची आहे. बॉनेट एका दाबात होत नाही. पहिली डाय आकार ओढते, दुसरी कडा कापते, तिसरी भोकं पाडते, चौथी कड वळवते. आतल्या पत्र्याचा संच पुन्हा वेगळा. अख्ख्या गाडीचा हिशेब मांडला तर कित्येक कोटी रुपये एकही गाडी विकण्याआधी जमिनीत पुरावे लागतात. नेक्सॉनसारखी गाडी लाखांनी खपते, म्हणून प्रत्येक गाडीच्या वाट्याला हा खर्च थोडाच येतो. दोन माणसं बसणारी गाडी वर्षाला काहीशे खपणार असेल तर तोच खर्च तिला चिरडून टाकतो. फायबरचं उलटं. साचा स्वस्त, पण काचतंतूंचं कापड अंथरा, रेझिन लावा, रोलर फिरवा, वाळायची वाट बघा. एकेका भागामागे तास जातात. सॅन स्टॉर्म बनवणाऱ्या सॅन मोटर्सने म्हणूनच फायबर घेतलं आणि आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन बसवलं. त्या काळी, त्या पैशात दुसरा शहाणपणाचा मार्ग नव्हता.

प्रदर्शनातली गाडी या सगळ्या हिशेबातून सुटलेली असते. ती एकच करायची, म्हणून डाय नको. हाताने ठोकलेला पत्रा, फायबर, पुट्टी, काहीही चालतं. आणि या कामात महाराष्ट्र कधीच मागे नव्हता. २००३ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ॲस्टन मार्टिनने एएमव्ही८ व्हँटेज दाखवली. कंपनी इंग्लंडची, मालकी तेव्हा फोर्डची, रेखाटन हेन्रिक फिस्कर यांचं आणि गाडी उभी केली मुंबईत, दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने. हे सांगितलं की अजूनही लोक संशयाने बघतात. विक्रीची व्हँटेज २००५ मध्ये जिनिव्हात आली. ४.३ लिटरचं व्ही८ इंजिन, ३८० अश्वशक्ती, चिकटवून जोडलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा. ती बनली इंग्लंडमध्ये, गेडनच्या कारखान्यात. मुंबईने पहिली गाडी दिली, शंभरावी गेडनने.

पहिली आणि शंभरावी यांच्यात काय घडतं, ते बघायचं तर लँबोर्गिनीच्या काउंताचसारखं दुसरं उदाहरण नाही. मार्चेल्लो गांदिनी यांनी आखलेली पिवळी एलपी५०० ही १९७१ च्या जिनिव्हा प्रदर्शनातली. स्वच्छ पाचर, कुठे उंचवटा नाही की फाट नाही. रस्त्यावर उतरल्यावर कळलं की मागच्या इंजिनाला हवाच पुरत नाही. मग खांद्यांवर हवेचे खोके चढले, दारांत खाचा पडल्या. पाच लिटरचं इंजिन चाचणीत फुटलं, म्हणून विक्रीच्या गाडीत चार लिटरचं आलं. पोलादी तळ जाऊन नळ्यांचा सांगाडा आला. आणि ती पिवळी गाडी? १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये धडक-चाचणीसाठी ती ठोकळ्यावर आदळली. आज संग्रहालयात काचेआड ठेवली असती अशी वस्तू! विक्रीच्या पहिल्या एलपी४०० गाड्या जेमतेम दीडशे झाल्या, त्यांचे ॲल्युमिनियमचे पत्रे कारागिरांनी हाताने घडवले. दीडशे गाड्यांसाठी डाय कोण करणार?

लँबोर्गिनीला ते परवडलं, कारण गिऱ्हाईक लागेल ती किंमत मोजायला तयार होतं. टाटांची गोची इथेच होती. रेसमो स्वस्त हवी होती आणि थोडीच बनणार होती. या दोन अटी एकत्र बसत नाहीत. २०१७ च्या मार्चमध्ये, त्याच जिनिव्हात, फुलपाखरी दारांची ती गाडी उभी राहिली तेव्हा सगळे १९० अश्वशक्तीबद्दल बोलत होते. इंजिनाचं मला फार कौतुक नाही. १.२ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो. त्याच कुळातलं इंजिन पुढे रांजणगावला बनणाऱ्या टाटांच्याच नेक्सॉनमध्ये ११० अश्वशक्ती देत होतंच. खरी नवी गोष्ट होती मोफ्लेक्स, म्हणजे निरनिराळ्या पदार्थांचे थर एकत्र आणून केलेली बांधणी. डायचा डोंगर टाळायचा आणि फायबरसारखं हातकामात अडकायचंही नाही, अशी मधली वाट. तिच्याशी नाव जोडलेलं होतं पुन्हा गांदिनींचं! काउंताच आखणाऱ्या माणसाला कमी संख्येच्या गाडीचं दुखणं कळणारच.

माझं मत स्पष्ट आहे. रेसमोतली जपण्यासारखी गोष्ट तिचा चेहरा नव्हता, मोफ्लेक्स होती, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे सगळ्यांत कमी लिहिलं गेलं.

पुढच्या आठवड्यात रेसमोचा शेवट. अवंतीला बहुधा त्यानंतरचा अख्खा भाग लागेल. दरम्यान जालना-संभाजीनगर भागात कुणाकडे सॅन स्टॉर्म असेल, चालू असो की शेडमध्ये धूळ खात पडलेली, तर जरूर कळवा. दाराच्या आतल्या बाजूचे, जिथे फायबरची जाडी दिसते तिथले फोटो पाठवलेत तर फार उपयोग होईल.