लघवीच्या नळीतील बुळबुळीत थर

पक्षाघाताच्या किंवा प्रोस्टेट वाढलेल्या रुग्णास पुष्कळदा लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, लावून घरी पाठवितात. नळी असेपर्यंत दररोज साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. ते नळीस चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरते तसाच. त्याआड दडलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोहोचत नाही. प्रोटियस नावाचे जंतू तर लघवीतील युरिया फोडतात, त्यामुळे क्षार साचून नळीच तुंबते.

हळदीतील कर्क्युमिन, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतील युजेनॉल ही द्रव्ये हा थर धरू देत नाहीत, असे प्रयोगशाळेत आढळून आले आहे. जंतू एकमेकांना रासायनिक इशारे देऊन थर रचतात; कर्क्युमिन त्या इशाऱ्यांतच अडथळा आणते. मात्र हे प्रयोग बहुतांशी काचेच्या भांड्यांत व नळीच्या तुकड्यांवर झालेले आहेत. शिवाय कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

तेव्हा हळदीचे पाणी वा लवंगतेल घरी नळीत मुळीच सोडू नये. पळसफुलांचा शेक ओटीपोटावर देणारी जाणती माणसे आपल्याकडे आहेत. पण तो वरून द्यायचा, काढा आत घालायचा नव्हे.

नळीचा जोड उघडू नये, हात साबणाने धुवावेत. पिशवी मूत्राशयाच्या खाली, परंतु जमिनीस न टेकता अडकवावी. देवरीहून एस.टी.ने गोंदियास येताना नातेवाईक ती मांडीवर घेतात. तेवढ्यात लघवी उलट आत जाते. थंडी वाजून ताप आल्यास किंवा पिशवीत लघवी उतरेनाशी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.