क्रूप : लहानग्याचा खोकला घरात पसरतो का?

दीड-दोन वर्षांचे मूल मध्यरात्री दचकून उठते, कुत्रे भुंकावे तसे खोकू लागते, आवाज बसतो आणि श्वास आत घेताना कर्कश ध्वनी उमटतो. या विकारास 'क्रूप' म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षे या वयात तो अधिक आढळतो. डांग्या खोकला तो हा नव्हे. डांग्या खोकला जिवाणूंमुळे होतो आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. क्रूप बहुधा तीन-चार दिवसांत ओसरतो.

तो संसर्गजन्य आहे काय? खरे म्हणजे क्रूप पसरत नाही, त्यामागचा विषाणू पसरतो. बहुतेकदा हा विषाणू पॅराइन्फ्लुएन्झाचा असतो. मोठ्यांना त्याने साधी सर्दी होते. तान्ह्याची श्वासनलिका मात्र स्वरयंत्राखाली इतकी अरुंद असते, की मिलिमीटरभर सूजही श्वास अडवू शकते. म्हणूनच आजारी बाळाइतकेच घरातल्या सर्दी झालेल्या मोठ्या माणसांकडेही लक्ष हवे, आणि नेमके तेच आपल्याकडे होत नाही.

मावळातील कान्हे येथून लोकलने रोज पुण्याकडे जाणारा नोकरदार किंवा शाळेत जाणारे थोरले भावंड विषाणू सहज घरी आणते. संसर्गानंतर दोन ते सहा दिवसांत लक्षणे दिसतात. पहिले तीन दिवस किंवा ताप उतरेपर्यंत संसर्गाचा धोका अधिक असतो. तोवर मुलाला अंगणवाडीत वा पाळणाघरात पाठवू नये. बाहेरून येताच साबणाने हात धुवावेत. सर्दी असेल तर बाळाचे मुके घेणे आवर्जून टाळावे, मग आजी-आजोबांना कितीही वाईट वाटो! वाटी, चमचा, टॉवेल वेगळे ठेवावेत. तोंडात जाणारी खेळणी धुवावीत. आईला सर्दी असली तरी स्तनपान थांबवू नये; तोंडाला मास्क लावून पाजावे. पावसाळ्यात ओलीमुळे खिडक्या बंदच राहतात. त्या थोडा वेळ तरी उघडाव्यात. चुलीचा व विडी-सिगारेटचा धूर बाळापासून दूर ठेवावा.

पॅराइन्फ्लुएन्झावर लस नाही. तथापि पूर्वी याच प्रकारे श्वास कोंडवणाऱ्या घटसर्पावर आहे. सरकारी लसीकरणात ती सहा, दहा व चौदा आठवड्यांना दिली जाते. सोळा ते चोवीस महिन्यांतला बूस्टर चुकवू नये.

गरम पाण्याचा वाफारा उपयोगी ठरल्याचे सिद्ध झालेले नाही. भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. विषाणूवर प्रतिजैविकेही चालत नाहीत. डॉक्टर बहुधा डेक्सामेथासोनची एक मात्रा देतात, तिने सूज उतरते. रडण्याने श्वास अधिक अडतो, म्हणून मुलाला मांडीवर घेऊन शांत ठेवावे. ते स्वस्थ असतानाही श्वासाचा कर्कश आवाज येत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, लाळ गळत असेल वा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.