चोरीच्या शिक्षेविरुद्ध अपील : साक्ष कोणत्या कसोटीवर?

दंडाधिकाऱ्याने चोरीच्या गुन्ह्यात कारावास ठोठावल्यास आरोपीस सामान्यतः सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येते. निकालाची नक्कल मिळविण्यात गेलेले दिवस या मुदतीत धरले जात नाहीत.

अपिलात नोंदलेला पुरावा पुन्हा तपासला जातो. साक्षीदार सहसा पुन्हा बोलावले जात नाहीत. त्यांना बोलताना पाहिलेले असते ते खालच्या न्यायालयाने, म्हणून त्याच्या मतास वजन असते. जबानीतील किरकोळ तफावतीने शिक्षा रद्द होईल, ही समजूत चुकीची होय. वडिवेलू थेवर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले : पूर्ण विश्वसनीय, पूर्ण अविश्वसनीय आणि या दोहोंमधील. पहिल्या वर्गातला एकही पुरतो; तिसऱ्याच्या साक्षीस स्वतंत्र पुष्टी लागते.

चोरीच्या खटल्यात ही पुष्टी पुष्कळदा माल हस्तगत केल्याच्या पंचनाम्यातून येते. पंच म्हणून गावातील शिक्षक किंवा ग्रामपंचायत सदस्यासही पाचारण होऊ शकते. त्याने उलटतपासणीत "वस्तू पाहिली नाही, सही तेवढी केली" असे सांगितले असेल, तर अपिलात तोच मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

कारागृहातील व्यक्तीस तेथील अधीक्षकामार्फत अपील पाठविता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला विनामूल्य वकीलही मिळू शकतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.